माठावरची पगडी

कान्होजी भोइटे यांच्या हातांना स्वस्थ बसता येत नाही. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करतात, मग खुर्चीत बसतात. बसल्यावरही नजर तिथेच. माधवगंजातली माणसं त्यांची थट्टा करतात, की भोइटे येणार असतील तर एक फ्रेम मुद्दाम वाकडी करून ठेवावी, म्हणजे बिचाऱ्यांचा वेळ जातो.

वय चौसष्ट. बेचाळीस वर्षं फोटोच्या धंद्यात, आणि त्यातली बरीचशी मेलेल्या माणसांच्या तैनातीत. त्यांच्या अरुंद स्टुडिओत लोक दहाव्या-अकराव्या दिवशी येतात. हातात काहीतरी असतं. लग्नातला ग्रुप फोटो, आधार कार्ड, दुमडलेला पासपोर्ट साइज. तेराव्याला फ्रेम हवी असते. कान्होजी घोळक्यातून एक डोकं वेगळं काढतात, मिटलेले डोळे उघडतात, खांद्यावर दुसऱ्या कुणाचा हात असेल तर तो पुसून टाकतात. सगळं झालं की विचारतात, "पगडी?"

बहुतेक जण हो म्हणतात. उत्तरेतल्या या शहरातल्या मराठ्यांचे खापरपणजे शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आले. आताची माणसं बँकेत आहेत, वीज मंडळात आहेत, कोचिंग क्लासात शिकवतात. जिवंतपणी डोक्याला मफलरपलीकडे काही लागलेलं नसतं. पण भिंतीवर जाताना शिंदेशाही पगडी लागते.

ती पगडी एकच आहे. चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याला कान्होजींनी एका जुन्या घरातून ती तासाभरासाठी मागून आणली होती. दुसऱ्याची पगडी आपल्या डोक्यावर चढवायची नाही, असं बजावूनच त्या लोकांनी दिली. मग डोकं कुठून आणायचं? दुकानात पाण्याचा माठ होता. त्यावर पगडी ठेवली आणि तीन फोटो काढले. समोरून, डावीकडून, उजवीकडून. तेव्हापासून शहराच्या लश्कर भागातले कितीतरी आजोबा तीच पगडी घालून बसले आहेत. आधी ती ब्लेडने कापून चिकटवावी लागायची, कडा ब्रशने भरायच्या. पुढे कॉम्प्युटर आला. पगडीच्या उजव्या बाजूला एक धागा सुटलेला आहे. बाकी जगातलं सगळं वाकडं सरळ करणाऱ्या कान्होजींनी तो धागा कधी काढला नाही. का, ते त्यांना सांगता येत नाही.

गेल्या मार्चमध्ये कोर्टाचं समन्स आलं आणि पहिल्यांदा त्यांना त्या धाग्याची भीती वाटली.

प्रकरण युवराज मोहितेचं होतं. बाप लवकर गेलेला, घरात आई सुधाताई आणि थोरला भाऊ दिग्विजयसिंह. युवराज एका सरकारी खात्यात कारकून होता. तेवीसच्या नोव्हेंबरात तो गरिमा नावाच्या मुलीला घेऊन दुकानात आला. मुलगी भिंडची, हिंदी बोलणारी, जात वेगळी. घरचं कुणी येणार नव्हतं. काका, कॅमेरा घ्या आणि चला, म्हणाला, गल्लीच्या टोकाच्या देवळात लग्न करतोय. कान्होजी गेले. पुजारी, युवराजचा मित्र सौरव आणि कॅमेऱ्यामागे ते स्वतः, एवढंच वऱ्हाड. युवराज बोडका होता. त्याच सकाळी केस कापून आलेला.

त्याला एकच प्रिंट हवी होती, आईला दाखवायला. ती तयार करताना कान्होजींचा हात अडला. सुधाताईंना ते तीस वर्षं ओळखत होते. बोडकं डोकं आणि परकी सून, दोन्ही एकदम त्यांच्या घशाखाली कसं उतरणार? मग कुणी न सांगता त्यांनी पगडी चढवली, उजवीकडून काढलेली. युवराजने प्रिंट हातात घेतली आणि हसला. "काका, मी अजून जिवंत आहे," तो म्हणाला.

सुधाताईंनी प्रिंटचं पाकीट उघडलंच नाही. तसंच परत पाठवलं. सात महिन्यांनी झाशी रस्त्यावर युवराजला ट्रकने उडवलं.

गरिमाने पत्नी म्हणून वारसा प्रमाणपत्रासाठी अर्ज केला. दिग्विजयसिंहांनी आईच्या नावाने हरकत घेतली. लग्न झालंच नाही, फोटो एआयने बनवलेला आहे. पुजारी तोवर वारला होता. सौरव दिग्विजयसिंहांकडे कामाला लागला होता आणि त्याला काही आठवत नव्हतं. युवराजचा मोबाइल त्याच्याबरोबर चिरडला गेला. थाटीपुरात दोघं भाड्याने राहिली होती, पण घरमालक म्हणाला, मी काही लग्नाचा दाखला मागितला नव्हता. उरली ती पगडीवाली प्रिंट.

दिग्विजयसिंहांचे वकील दौलतसिंह यांनी एका खाजगी तज्ज्ञाचा अहवाल लावला. वराच्या डोक्याभोवतीचा भाग कृत्रिम असण्याची शक्यता चौऱ्याण्णव टक्के. कान्होजींना हे कळलं. मशीन बरोबर बोलत होतं. पगडी खोटीच होती. पण पगडीखालचं डोकं खरं होतं, आणि त्या खऱ्याविषयी मशीनला काही म्हणायचंच नव्हतं.

दौलतसिंहांनी आणखी एक कागद दिला होता. त्यावर गरिमा, गळ्यात माळ, शेजारी नवरा. तो नवरा जन्मालाच आलेला नाही. आमच्या मुन्शीने, ऑफिसातल्या कारकुनाने, मोबाइलवर दहा मिनिटांत बनवलाय, असं त्यांनी कोर्टात सांगितलं. कागद हातोहात फिरला. गरिमापाशीही आला. हसू हुबेहूब माझंच होतं, असं ती नंतर वकिलांना म्हणाली. तेच तिला सोसवलं नाही.

तिचे वकील अभिराम दुकानात येऊन बसले. तरुण माणूस, बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत राहणारा. कान्होजींना ते टोपण बघवेना. अभिराम म्हणाले, प्रिंटवर आता कोर्ट विसंबत नाही, मूळ फाइल पाहिजे. नव्या कायद्याप्रमाणे तिच्याबरोबर प्रमाणपत्र जोडायचं, त्यात फाइलचा हॅश लिहायचा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फोटोतला एक ठिपका हलला तरी ठसा दुसराच उमटतो. मग त्यांनी सहज विचारलं, की प्रिंटमध्ये काही केलं होतं का.

"थोडं साफसूफ," कान्होजी म्हणाले.

अभिराम गेले आणि कान्होजींनी बिस्किटांचे डबे काढले. निगेटिव्ह फेकायची नाही, गिऱ्हाईक वीस वर्षांनी येतं, ही त्यांच्या उस्तादाची शिकवण. कॅमेरा डिजिटल झाला तरी त्यांनी ती सोडली नाही. वापरलेलं मेमरी कार्ड पुसून पुन्हा वापरायचं त्यांच्या जिवावर येतं. प्रत्येक कार्ड कागदाच्या पुडीत, पुडीवर नाव आणि तारीख. मुलगा अंशुल हसतो. "पप्पा, लोग कार्ड खाली करके फिर यूज़ करतात, तुम्ही त्याचं लोणचं घालता."

त्या नोव्हेंबरच्या चार पुड्यांवरची शाई उडाली होती. आत काय आहे ते बघावंच लागणार होतं. भर दुपार, दुकानात कुणी नाही. तिसऱ्या कार्डात देऊळ निघालं. युवराज निघाला, बोडका, कानामागे केसांचे बारीक तुकडे अजून चिकटलेले. गरिमा त्याच्याकडे बघत होती. दोघांच्या पायांखाली देवळाची पायरी होती, आणि पायरी तिरकी होती.

एवढंच कान्होजींना दिसलं. हात माउसवर होता. हाताने कोपरा धरला, फोटो फिरवला, पायरी सरळ झाली. डाव्या हाताच्या दोन बोटांनी तो सेव्ह करून टाकला. हे सगळं त्यांनी केलं नाही, त्यांच्या हातांनी केलं. त्यांना कळलं तेव्हा स्क्रीनवर पायरी अगदी सरळ होती आणि फोटोखाली आजची तारीख होती.

अंशुल संध्याकाळी आला तेव्हा बाप खुर्चीत तसाच बसलेला. त्याने कार्ड बाहेर काढून कडेची एक इवलीशी सरकती पट्टी दाखवली. ही खाली केली असती तर कार्डावर काही लिहिलंच गेलं नसतं. वीस वर्षं कार्डं हाताळत होते कान्होजी. ती पट्टी कशासाठी असते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मग अंशुलने दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "पाच मिनिट का काम है, पप्पा. तारीख मागे टाकतो. मूळ हॅश कुणी घेतलाच नव्हता, मग बदललाय हे सांगणार कोण?"

"लॅबला कळेल?"

"शायद. शायद नाही."

त्या शायदने त्यांना चार दिवस खाल्लं. सकाळी दुकान उघडायचे आणि तासाभरात बंद करून निघायचे. टोपी बाजारातून उगाच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचे, पुन्हा परतायचे. दुकानदार विचारायचे, काय शोधताय भोइटे. शर्टाच्या खिशात कार्ड होतं, वरून ते बोटांनी चाचपत राहायचे. आपण आयुष्यभर जे केलं त्यात आणि त्या मुन्शीने दहा मिनिटांत जे केलं त्यात फरक काय, हा विचार कुठल्याही कोपऱ्यावर गाठायचा. लोकांनी मागितलं म्हणून केलं, हे खरं. पण युवराजने कुठे मागितलं होतं? आणि खोटी तारीख घालून खरं लग्न सिद्ध झालं, तर बिघडलं कुठे? इथपर्यंत आले की ते चालण्याचा वेग वाढवायचे.

पाचव्या दिवशी त्यांनी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि थाटीपुरात गरिमाकडे गेले.

एक खोली, बाहेर सामाईक नळ. युवराजची स्कूटर जिन्याखाली तशीच उभी होती. कान्होजींनी पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पगडी, पायरी, अंशुल काय म्हणतो ते. गरिमा ऐकत होती. तिने पायरीविषयी काही विचारलं नाही. पगडी का घातली, एवढंच विचारलं. ते म्हणाले, आईसाहेबांना बरं वाटावं म्हणून. ती म्हणाली, केस मी सांगितलं म्हणून कापले होते त्याने.

मग ती उठली, पर्समधून घडी घातलेला कागद काढून तिने त्यांच्यापुढे ठेवला. जन्माला न आलेला नवरा.

"काका, झूठी वाली तो उनके पास भी है," ती म्हणाली. "मुझे सिर वाली दिखाइए."

त्यांनी कार्डाची पट्टी खाली आहे ना हे दोनदा पाहिलं, कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. ती बोडक्या युवराजकडे बघत बसली. कान्होजी नळाकडे बघत बसले. थोड्या वेळाने बटणाचा टिकटिक आवाज येऊ लागला. ती पुढचे फोटो बघत होती. मग ती हसली, आणि हसता हसता तोंडावर हात घेतला. युवराज शिंकत होता. त्याच्या आधीच्या फोटोत पुजाऱ्याची पाठ होती. एकात कान्होजींचाच अंगठा. एकात सौरव, ज्याला काही आठवत नव्हतं, हार हातात घेऊन जांभई देत होता. शेवटी दुसऱ्याच कुणा गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो. एकूण सतरा. कान्होजींनी त्यातला एक निवडला होता आणि बाकीच्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"ये सब भी हैं?"

"ते फुकट गेलेले, बेटा," कान्होजी म्हणाले, आणि बोलता बोलता थांबले.

अभिरामना दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते चिडले. साफसूफ म्हणजे पगडी असते का, असं म्हणून त्यांनी पेन टेबलावर टाकलं. मग सतरा हा आकडा कागदावर लिहून त्याभोवती गोल काढला.

साक्षीच्या दिवशी कान्होजींनी दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. न्यायाधीश मध्यमवयीन बाई होत्या, त्यांच्या मागचं कॅलेंडर किंचित कललेलं होतं. ते दिसू नये म्हणून कान्होजी जमिनीकडे बघून बोलले. हिंदीत, जसं जमेल तसं. पगडी मी लावली. मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रिंट खरी नाही. मूळ फोटोही मी अमुक तारखेला दुपारी सरळ केला, चुकून, सवयीने. देऊळ मी पाहिलं, लग्न मी पाहिलं, तेवढं खरं.

मागच्या बाकावर सुधाताई थोरल्या मुलाच्या शेजारी बसल्या होत्या.

दौलतसिंहांना एवढ्या सोप्या साक्षीदाराची अपेक्षा नव्हती. त्यांनी चष्मा पुसला. म्हणजे आपला धंदाच बनावट चित्रं करण्याचा. मेलेल्यांना पगडी घालता, आता जिवंतांनाही घालायला लागलात. मागे लोक हसले. अशी किती डोकी सजवलीत आजवर, भोइटेजी, एखादं नाव तरी सांगा.

कान्होजींनी मान वर केली. कॅलेंडर दिसलं. हात सुटू पाहत होते.

"आपके मुवक्किल के पिताजी की, साहब. वही पगड़ी है. दाहिनी तरफ़ एक धागा निकला हुआ है."

वडिलांचा उल्लेख ऐकून दिग्विजयसिंहांनी आईकडे पाहिलं. आईने समोरच बघत राहणं पसंत केलं.

अभिरामनी उठून कार्डाविषयी सांगितलं. न्यायाधीशबाईंनी कान्होजींना विचारलं, बाकीच्या सोळा फोटोंमध्ये काय केलंत.

"कुछ नहीं, मैडम. ख़राब हैं. ख़राब को मैं हाथ नहीं लगाता."

बाई लिहिता लिहिता थांबल्या. मग त्यांनी कार्डाची नक्कल तिथेच, दोन्ही वकिलांसमोर करायला लावली आणि सतराही फाइलींचे हॅश नोंदवून घेतले. कर्मचारी एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्याने वाचत होता, दुसरा पडताळत होता. दौलतसिंह जांभई देऊन बाहेर गेले. कान्होजी मात्र उभे राहून ऐकत होते. शिंकेचा ठसा. अंगठ्याचा ठसा. पुजाऱ्याच्या पाठीचा ठसा. एवढ्या लांबलचक, अर्थ नसलेल्या ओळी कुणी इतक्या काळजीने वाचताना त्यांनी ऐकलं नव्हतं. कार्ड लाखेने बंद होऊन सरकारी प्रयोगशाळेत गेलं. त्यांचा कॅमेराही ठेवून घेतला.

अहवाल यायला अडीच महिने लागले. तेवढ्या काळात कान्होजींनी एकही पगडी चढवली नाही. गिऱ्हाइकं मागायची, ते सर्दीचं किंवा डोळ्यांचं कारण सांगायचे. कुणी म्हणालं, भोइट्यांनी कोर्टात स्वतःचं दुकान बुडवलं. कुणी घरी जाऊन आजोबांच्या फोटोवर धागा शोधला आणि तो सापडल्याचं सांगायला मुद्दाम दुकानात आलं. त्यांना राग आला होता की गंमत वाटत होती, हे कान्होजींना ओळखता आलं नाही.

अहवालात म्हटलं होतं, की सोळा फाइली जशाच्या तशा आहेत. सतरावी बदललेली आहे, साक्षीदाराने सांगितल्या तारखेला आणि सांगितल्या तेवढीच. सगळे फोटो याच कॅमेऱ्याचे. त्याच्या आतल्या धुळीचा एक कण सगळ्यांत एकाच जागी उमटलेला आहे. तो कण कान्होजींच्या ओळखीचा होता. प्रत्येक प्रिंटमधून ते तो पुसून टाकत आले होते.

कोर्टाने फोटो पुराव्यात घेतले. सौरवला पुन्हा बोलावलं. जांभईचा फोटो समोर धरल्यावर त्याला बरंच आठवलं. निकाल अजून यायचा होता, पुढची तारीख पडली होती, तेव्हा एका सकाळी सुधाताई एकट्याच दुकानात आल्या.

"घरी जाऊन बघितला," बसता बसता त्या म्हणाल्या. "धागा आहे."

कान्होजींनी अंशुलला चहाला पाठवलं. सुधाताईंनी सांगितलं, की सव्वा वर्ष होऊन गेलं, भिंतीवर युवराजचा फोटो नाही. लावायचा आहे. पाकीट परत पाठवलं होतं, त्यातला नको. ते फुकट गेलेले दाखवा.

अभिरामनी दिलेली नक्कल कॉम्प्युटरवर होती. सुधाताईंनी पदराने चष्मा पुसला आणि एकेक फोटो बघितला, घाई न करता. शिंकेच्या पुढच्या फोटोवर त्यांनी बोट टेकवलं. शिंक होऊन गेलेली, युवराजचे डोळे अर्धवट मिटलेले, तोंड हसण्यात उघडं. खांद्यावर गरिमाचा हात, मेंदी लावलेला.

कान्होजींचा हात आपोआप पुढे झाला आणि मेंदीच्या बोटांभोवती रेघ काढू लागला. मृताच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात ठेवत नाहीत.

"तो राहू द्या," सुधाताई म्हणाल्या.

त्यांनी माउस सोडला. डोळे उघडू का, त्यांनी विचारलं. सुधाताईंनी नको म्हटलं. मग बेचाळीस वर्षांचा शेवटचा प्रश्न जिभेवर आला. तो न विचारणं त्यांना जमलं नाही.

"पगडी?"

बाहेर कुणीतरी शटर वर ढकललं. सुधाताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"विचारून सांगते," त्या म्हणाल्या.

"दिग्विजयला?"

"नाही. सूनबाईला." त्या उठल्या. "थाटीपुरात कुठे राहते, ते जरा नीट समजावून सांगा."

कान्होजींनी कागदावर नकाशा काढून दिला. सामाईक नळ, जिन्याखालची स्कूटर, सगळं. त्या गेल्यावर ते परत स्क्रीनपुढे बसले. अंशुल चहा ठेवून गेला. फोटोत युवराज हसत होता, हात खांद्यावर होता, आणि खाली देवळाची पायरी तिरकी होती. अंदाजे दोन अंश.

ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिले. चहावर साय धरली.